अहिराणीची फी

अहिराणीच्या वर्गाला मी फी लावली तेव्हा धुळ्यातल्या निम्म्या ओळखीच्यांनी मला नावं ठेवली. उरलेल्या निम्म्यांना माझा असा काही वर्ग चालतो हेच ठाऊक नव्हतं. एका गृहस्थांनी तर मुद्दाम फोन करून विचारलं, बाई, आईच्या दुधाचे पैसे घेता का म्हणून. मी म्हटलं, तुमचा नातू इंग्रजी बोलायच्या क्लासला जातो, तिथे काय प्रसाद वाटतात? आणि फोन ठेवून दिला. स्वभावच आहे माझा. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांना आणि त्यांच्या बापांनाही बोलून सरळ केलं. निवृत्त झाले म्हणून जीभ काही निवृत्त होत नाही.

पण नावं ठेवणाऱ्यांचं मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते एका माणसाचं, आणि त्या माणसानं मला एका शब्दानंही नाव ठेवलं नव्हतं. ती माझी मोठी बहीण. अक्का.

मी सहा वर्षांची असताना आमची आई गेली. अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. चौथीपर्यंत शिकली, मग आईच्या आजारपणात घरी बसली ती बसलीच. लग्न होऊन पारोळ्याजवळच्या एका खेड्यात गेली, तेव्हा रुखवतासोबत मलाही घेऊन गेली म्हणा ना. सासरच्यांना तिनं काय सांगितलं असेल कोण जाणे. मी तिच्या सासरी वाढले, तिथून पारोळ्याच्या शाळेत गेले. ती कपाशी वेचायला जायची आणि मी पाटी घेऊन शाळेत. माझं कन्यादान तिनं आणि भाऊजींनी केलं, त्यामुळे ती बहीण असली तरी रीतीनं माझी आईच झाली.

आणि रीत ती फार पाळायची. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. आम्हाला मूल झालं नाही. म्हणजे अक्का माझ्या घरी कधीच जेवली नाही. चाळीस वर्षं येत राहिली, पण येताना फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःचं खायची. चहा तेवढा घ्यायची, तोही कपाशेजारी एक रुपया ठेवून. तो रुपया बघितला की माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, तू मला दर खेपेला आठवण करून द्यायला येतेस का की मला पोर नाही? ती हसायची आणि रुपया तिथेच ठेवून जायची. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. घ्यायचं त्याचं मोल ठेवायचं, एवढंच तिला कळत होतं.

आता एक कबुली द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात टेबलावर एक पत्र्याची डबी ठेवली होती. जो पोरगा वर्गात अहिराणी बोलेल त्यानं डबीत दहा पैसे टाकायचे. नसतील तर तासभर उभं राहायचं. मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं, माझीच हुशारी. खेड्यातली पोरं ती, घरी आहेला शे आणि नाहीला नही म्हणणारी. वर्गात आल्या आल्या जीभ कशी फिरवणार? डबी महिन्यात भरायची. त्या पैशांतून मी रंगीत खडू आणले, एकदा पृथ्वीचा गोल आणला. मला वाटायचं, मी पोरांचं कल्याण करतेय. अक्काला हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ती तेव्हा शेंगा फोडत होती. म्हणाली, बरं झालं मी तुझ्या वर्गात नव्हते, उभी राहून राहून माझे पाय गेले असते. मी हसले. ती पण हसली. पण त्यानंतर माझ्या घरी माझे सहकारी किंवा यांचे कचेरीतले कोणी आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. आणि मी तिला बाहेर बोलावलं नाही. उलट एकदा, यांचे साहेब यायचे होते तेव्हा, मीच तिला म्हटलं होतं, अक्का, जरा नीट बोल हं, नाहीतर गप्प बस.

हे सगळं मी विसरून गेले होते. बोलणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले आणि घर खायला उठलं. शेजारी मुलंबाळं असलेली घरं. त्या मुलांशी त्यांचे आईबाप हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलायचे, आजी कोपऱ्यात बसून अहिराणीत काही विचारायची आणि नातवंडं म्हणायची, आजी काय म्हणते आहे? ते ऐकून मला पहिल्यांदा जाणवलं, ज्या बोलीवर मी दंड लावला ती आता दंड लावायलाही शिल्लक राहणार नाही. मग मी ठरवलं, रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत वर्ग घ्यायचा, अहिराणी बोलायला शिकवायचं. फुकट.

फुकटचं काय होतं ते सांगते. पहिल्या रविवारी अकरा जण आले. चहा केला, सगळ्यांनी कौतुक केलं, एकानं फोटो काढला. दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी दोन, त्यातला एक चुकून, त्याला शेजारच्या घरी जायचं होतं. कोणाचं लग्न, कोणाची मॅच, कोणाला सर्दी. मी चिडले. जिन्याखालच्या शिंपीणबाई म्हणाल्या, मॅडम, पैसे लावा, पैसे दिले की माणूस सर्दीतही येतो. मला पटलं. महिन्याला पाचशे रुपये लावले आणि काय सांगू, नऊ जण पक्के झाले. बँकेत बदली होऊन आलेले कोल्हापूरकडचे एक गृहस्थ, ज्यांना गिऱ्हाइकांचं बोलणं कळायचं नाही. दवाखान्यातली एक नर्स, तिचंही तेच दुखणं. आणि जळगावहून पहाटेच्या बसनं येणारी एक मुलगी. तिचं घर अहिराणी बोलणारं. आईवडील एकमेकांशी अहिराणी बोलायचे आणि तिच्याकडे वळले की मराठी. ती म्हणायची, मॅडम, लहानपणी मला वाटायचं ही यांची भांडणाची भाषा आहे. तिच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला ती पत्र्याची डबी आठवली.

वर्ग भरला, पण शिकवायला बसले तर माझीच पंचाईत. माझी अहिराणी पुस्तकात दाबून ठेवलेल्या फुलासारखी झाली होती, आकार होता, वास नव्हता. इतकी वर्षं घासूनपुसून मराठी बोलले होते, दुसरं काय होणार. मग मला अक्का आठवली.

अक्का शहात्तरची. पंच्याहत्तरी झाल्यापासून तिला एसटीचा प्रवास फुकट झाला होता, त्याचं तिला भारी अप्रूप. आधारकार्ड कमरेच्या पिशवीत ठेवून ती कंडक्टरनं न मागताच दाखवायची. मी तिला म्हटलं, दर रविवारी ये, माझ्याकडे काही माणसं येतात, त्यांच्याशी गप्पा मार. आणि ती यायला लागली.

तिनं पहिल्याच दिवशी माझा फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, सतरंजीवर ढीग केला आणि सगळ्यांना फोडायला बसवलं. बँकेचे साहेबसुद्धा मांडी घालून बसले. ती म्हणाली, "हात रिकामा ठेवा ते तोंड बी रिकामंच ऱ्हास." शेंगा फोडता फोडता ती बोलायची. शेजारणीच्या म्हशीचं, भाऊजींच्या तंबाखूचं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका तुटून पडली होती त्याचं. मध्येच थांबून एखाद्याला विचारायची, तुझ्याकडे काय झालं ते सांग. तो बिचारा अडखळत सांगायचा, ती चूक काढायची नाही, फक्त तेच वाक्य आपल्या तोंडानं पुन्हा म्हणायची, जणू तिला ते इतकं आवडलं की पुन्हा म्हणावंसं वाटलं. मी बत्तीस वर्षांत एकाही पोराला असं शिकवलं नव्हतं. कधी शेंगा, कधी शेवया वळायला, कधी वांगी भाजायला. चार महिन्यांत जळगावची मुलगी अहिराणीत हसायला लागली. हो, हसणंही वेगळं असतं. अक्काला वाटायचं, ही सगळी माझी ओळखीची माणसं, हौसेनं येतात. आणि मला बाहेरच्या खोलीत, माणसांच्या मध्ये बसलेली अक्का बघून असं भरून यायचं की सांगता सोय नाही. चाळीस वर्षांनी ती माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत आली होती.

फीचं मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं असं मी लोकांना म्हणते. राहून गेलं नव्हतं. मला भीती वाटत होती. ती काय म्हणेल याची नव्हे, डबी तिला आठवेल याची.

फाल्गुनातला रविवार होता. वर्ग सुटला, सगळे चपला घालत होते. जळगावची मुलगी पर्स उघडत अक्काच्या समोरच मला म्हणाली, मॅडम, या महिन्याची फी द्यायची राहिली, आणि पाचशेची नोट पुढे केली. मी ती घाईघाईनं घेऊन मुठीत दाबली. चोरानंसुद्धा इतकी घाई केली नसती. अक्का सतरंजीवरची टरफलं गोळा करत होती. तिचे हात थांबले.

सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "हाई बोलीना पैसा देतस त्या?"

मी सांगितलं. फुकटात कोणी येत नव्हतं तेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, तिचा चेहरा पडला. एखाद्या बाईनं शेजारणीला ताक म्हणून पाणी दिलं आणि ते उघडकीला आलं, तसा तो चेहरा होता. मला कळेना. मला वाटलं, तिला वाटा हवा असेल. किती नालायक विचार मनात आला बघा. मी कपाटातून पाकीट काढून त्यात काही नोटा घातल्या आणि म्हटलं, अक्का, खरं तर शिकवतेस तू, हे तुझे. तिनं पाकीट माझ्याकडे सरकवलं. लेकीचं घेत नसतात, एवढंच म्हणाली. चहाचा रुपया कपाशेजारी ठेवला आणि बस गाठायला निघाली. शेंगांची रिकामी पिशवी तिथेच विसरली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यापुढच्या दोन्ही रविवारी नाही. तिची सून फोनवर म्हणाली, आत्या कामात आहेत. सून जळगाव शहरातली, बारावी झालेली, सासूला आत्या म्हणायची. चौथ्या रविवारी अक्का आली. इस्त्रीचं लुगडं, डोक्याला तेल, हातात शेंगांची पिशवी नाही. सतरंजीवर न बसता खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, नमस्कार. तुम्ही सगळे कसे आहात? मी आज तुम्हाला आमच्या गावाची माहिती सांगणार आहे.

सगळ्यांना वाटलं, अक्का गंमत करते आहे. बँकेचे साहेब मोठ्यानं हसले. नर्स पण हसली. अक्काचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. शाळेतलं पोर पाठ केलेलं भाषण म्हणतं तसं एकेक वाक्य, शब्दाशब्दाला ठेच खात, पण एकही शे नाही, सगळ्याला एकदाही बठ्ठा नाही. आमच्या गावात एक मंदिर आहे. आमच्या गावाला नदी आहे. ती बाई, जी तोंड उघडायची तर सगळी आळी डोळ्यांसमोर उभी राहायची, ती माझ्या खुर्चीवर बसून दुसरीच्या धड्यासारखं बोलत होती. एकेकाचं हसू विरत गेलं.

ते गेल्यावर मी तिच्यावर बरसले. काय हा तमाशा, म्हटलं. हे सगळे तुझी अहिराणी ऐकायला येतात, असलं मराठी त्यांना रस्त्यावर फुकट मिळतं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं मला सांगितलं. लोक पैसे देतात हे तिला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर ती आपलं वेडंवाकडं बोलत राहिली, गप्पाच तर होत्या. पण माणूस पैसे देतो तर त्याला चांगला माल द्यायला नको का? जळगावहून बसचं तिकीट काढून येणाऱ्या पोरीला चार महिने हे असलं बोलणं गळ्यात मारलं, असं वाटून तिला झोप लागत नव्हती. आणि बहिणीला लोक उद्या लबाड म्हणतील.

मी कपाळावर हात मारला. अगं, चांगला माल तोच आहे, मी म्हटलं, त्याचेच पैसे देतात ते. तुझ्याच बोलीचे.

तेव्हा ती मला हसली. वेडी आहेस का, अशा नजरेनं, मायेनं.

"जी बोली बोलनात म्हनीसन तू पोरेस्ले दंड करे, तिना आते कोन पैसा देई व?"

मुलांना दंड करणारीही मी आणि फी घेणारीही मीच. तिनं आपल्या साध्या हिशेबानं त्यातली पहिली खरी धरली होती, कारण ती मी तिला तोऱ्यात सांगितली होती, आणि दुसरी लपवली होती. तिचं माझ्याशी बोललेलं ते शेवटचं अहिराणी वाक्य. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, नाहीतर मी तिला आणखी काहीतरी विचारलं असतं, काहीही, म्हशीचं सुद्धा.

त्यानंतर तिनं वर्गाला येणं सोडलं. म्हणाली, पूर्ण शिकून येईन. आणि माझ्याशी फोनवर बोलायची ती शुद्ध मराठी. मी अहिराणीत विचारायचे, ती मराठीत उत्तर द्यायची. मी बरी आहे. तू कशी आहेस? औषध वेळेवर घेतेस ना? मला वाटायचं दुसऱ्याच कोणा बाईला फोन लागला. पहिले काही दिवस मी चिडून फोन ठेवायचे. मग विनवण्या केल्या. मग सांगितलं, मी फी बंद केली. ते खोटं होतं, पण ते ऐकून तरी ती पूर्वीसारखी बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, फी बंद करू नकोस, मी सराव करते आहे.

आखाजीला मी तिच्याकडे गेले. आईमागे तेच माझं माहेर. दुपारची वेळ, एसटी स्टँडवरून चालत आले तर गल्लीच्या तोंडापासूनच मला तिचा आवाज आला. ओट्यावर चार शेजारणी, मध्ये अक्का, आणि अहिराणीचा नुसता धबधबा चाललेला. कोणाच्या तरी सुनेनं खापरावरची पुरणपोळी करताना खापरच फोडलं होतं त्याची गंमत. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले, ऐकत राहिले. उन्हाचंही भान राहिलं नाही. मग एका बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती अक्काला म्हणाली, तुझी बहीण आली. अक्का वळली. तिनं पदर सारखा केला, पाय खाली सोडले आणि म्हणाली, "ये, बस. प्रवास कसा झाला?"

शेजारणी एकेक करून उठल्या. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. माझ्यासमोर ती तशीच बसली होती, जशी पूर्वी माझ्या घरी साहेब आल्यावर आतल्या खोलीत बसायची. मी तिच्यासाठी साहेब झाले होते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. कंडक्टरनं तिकीट देताना काही विचारलं नाही, भला माणूस.

श्रावण संपता संपता तिला छातीचं दुखणं झालं, न्यूमोनिया म्हणाले. मुलानं तिला धुळ्याला आणलं, नशिबानं आमच्या नर्सच्याच दवाखान्यात. नर्सला इतका आनंद झाला. ती अक्काच्या कॉटशी वाकून, तिच्याकडूनच शिकलेल्या अहिराणीत विचारायची, अक्का, कसं वाटी ऱ्हायनं? आणि अक्का नळीतून श्वास घेत, थांबून थांबून म्हणायची, बरे वाटते आहे. तुम्ही जेवलात का? एक आपली बोली टाकून दुसरीची उचलत होती, दुसरी हिची बोली घेऊन तिच्याकडे येत होती, आणि दोघींची गाठ काही पडत नव्हती. नर्स बाहेर येऊन माझ्याजवळ रडली. म्हणाली, मॅडम, माझं काही चुकतं का उच्चारात? मी म्हटलं, नाही गं, तुझं काही चुकत नाही.

पाच दिवस मी तिच्याजवळ बसले. मी फक्त अहिराणीच बोलत होते, येईल तशी, तुटकीफुटकी. तिचा ताप उतरावा एवढंच देवाकडे मागायला हवं होतं, पण मी मागत होते की एकदा तिनं मला अगंऐवजी आपलं व म्हणून हाक मारावी. माणूस असा असतो. शेवटच्या संध्याकाळी मी घरून मऊ भात नेला होता. मूल नसलेल्या लेकीच्या घरचा भात. तिनं दोन घास खाल्ले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग उशाची पिशवी चाचपत म्हणाली, माझ्या पिशवीतून एक रुपया काढून ठेव. मी काढला. मग ती म्हणाली, "तू आता घरी जा. उशीर केलास तर रिक्षा मिळणार नाही."

वाक्य अगदी स्वच्छ होतं. कुठेही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्याला मी तिच्या घरी होते. बायका उंबऱ्यात येऊन, तिचे एकेक गुण सांगत, अहिराणीत गळा काढत होत्या. मला ते जमेना. दुपारी गर्दी ओसरल्यावर सुनेनं मला मागच्या खोलीत बोलावलं आणि पत्र्याच्या पेटीतून एक वही काढून दिली. दोनशे पानी, दुकानातून नवी आणलेली. म्हणाली, आत्यांनी होळीपासून रोज दुपारी माझ्याकडून शिकायला घेतलं होतं. सासूला कसं शिकवायचं म्हणून मी लाजायचे. पण त्या धडा झाला की देव्हाऱ्यात एक रुपया ठेवायच्या आणि म्हणायच्या, ही तुझी फी, फुकट शिकलेलं टिकत नाही.

मी वही उघडली. चौथीतलं अक्षर, मोठं, ओळीच्या वर खाली जाणारं. खोडून पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. मी आले. मी गेले. तो जेवला. ती जेवली. पानंच्या पानं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, कोणाला तरी म्हणून दाखवायचं असावं तसं, पाच ओळी होत्या.

नमस्कार. मी तुमच्या मॅडमची बहीण आहे. मला चौथीच्या पुढे शाळेत जायला मिळाले नाही म्हणून मी इतके दिवस तुमच्याशी तसे बोलले. आता मी शिकले आहे. राग मानू नका, मॅडमची फी वाया जाणार नाही.

सून माझ्या खांद्यावरून बघत होती. सवयीनं माझं बोट ओळीखालून सरकत होतं, वह्या तपासताना सरकतं तसं. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, बरोबर लिहिलंय ना त्यांनी?"

आणि तेव्हा कुठे माझा गळा मोकळा झाला.

"बठ्ठं बरोबर शे व माय," मी म्हटलं. "बठ्ठं बरोबर शे."